आईच्या लुगड्याची दशी

त्या दिवशी भूमला आमच्या शिवणकेंद्रात कापड कमी पडलं... साल नक्की आठवत नाही, पण बहात्तरच्या दुष्काळाचे चटके अजून प्रत्येकीच्या बोलण्यात होते.

बायकांची सहकारी संस्था होती आमची. जुनी हातमागाची लुगडी फाडून बटवे आणि खांद्याच्या पिशव्या शिवायचो. परदेशातले लोक बायकांना रास्त दाम देऊन त्या घ्यायचे.

मी शिवण शिकवणारी बाई, मूळची नळदुर्गची. आई गेल्यावर मागे कुणी उरलं नाही, म्हणून मिळाली ती नोकरी धरली. दिवसभर मशिनींचा खडखडाट असायचा, पण संध्याकाळी खोली खायला उठायची...

केंद्रात एक रीत होती. जुनं लुगडं द्यायचं झालं की बाई आधी पदरातली एक दशी ओढून घ्यायची. एकच धागा... लुगडं गेलं तरी घरची बरकत जाऊ नये म्हणून.

तर कापड कमी पडलं आणि सकाळच्या एसटीनं माल सोलापूरला जायचा होता. मी तडक खोलीवर गेले, ट्रंकेतलं आईचं हिरवं इरकली लुगडं आणलं आणि सगळ्यांदेखत कात्री लावली. नेसणार कोण होतं ते?

सागरबाई माझ्यासमोरच्या मशिनीवर बसायच्या, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी विचारलं, "बाई, दशी काढली न्हाय व्हय?"

"कुणासाठी काढू? घरात मी एकटीच," मी फटकन बोलले. त्या परत आपल्या मशिनीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी माल गेला. संध्याकाळी सहज ट्रंक उघडली, तर तळाला नुसत्या डांबराच्या गोळ्या. आईचं म्हणावं असं आता घरात काहीच नव्हतं... तोंडात पदर कोंबून रडले. जसं काही ऐकायला कुणी बसलंच होतं!

सकाळी केंद्रात चिंध्या शोधल्या. त्या केव्हाच चहाच्या चुलीत गेल्या होत्या. काय शोधतेय ते मी कुणाला सांगितलं नाही, पण माझे सुजलेले डोळे सागरबाईंनी पाहिले असणार.

दुपारी त्या माझ्याजवळ आल्या. मूठ उघडून म्हणाल्या, "मशिनीखाली घावली बघा, बाई. तुमच्या आईच्या लुगड्याची हाय."

दशी जांभळी होती. आईच्या लुगड्यात जांभळा रंग औषधालासुद्धा नव्हता... सागरबाईंच्या अंगावरचं लुगडं मात्र जांभळं होतं.

मी म्हटलं, "व्हय, आईचीच आहे." आणि ती पदराला गाठ मारून ठेवली.

परक्या गावात माझ्यासाठी खोटं बोलणारं एक माणूस निघालं... तेवढ्यावर मी भूमची सगळी वर्षं काढली.