पोलादपूरहून आईला आणताना

पुण्याहून पोलादपूरला जायचं तर सकाळची गाडी धरावी, भोरला चहा घ्यावा, वरंध घाट उतरून महाडला जेवावं आणि उन्हं कलायच्या आत बहिणीच्या दारात उभं राहावं. सारं जग असंच जातं. मी मात्र आगगाडीनं मुंबई गाठली, तिथून आगबोटीनं बाणकोट, बाणकोटहून लाँचनं सावित्रीच्या खाडीतून दासगाव आणि पुढं बैलगाडी. असा द्राविडी प्राणायाम करणारा त्या हिवाळ्यात मीच एकटा असेन.

त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी वरंध घाटात आमची भाड्याची मोटार कठडा तोडून खाली गेली होती. एका झाडाला अडकली म्हणून मी वाचलो. शेजारी बसलेला माझा मित्र वाचला नाही. माझा मोडलेला हात यथावकाश जुळला, पण मोटारीचं दार धाडकन लागलं की श्वास छातीतच अडकायचा, तळवे गार पडायचे, बोटांना मुंग्या यायच्या. रस्त्यात एखाद्या ट्रकनं करकचून ब्रेक लावला तर मी भिंत धरून उभा. घरचे म्हणत, मनाला इतकं लावून घेऊ नकोस. मी मनाला कुठं लावून घेत होतो? ते अंगालाच लागलं होतं.

आणि आता आईला आणायचं होतं. ती पोलादपूरला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे राहत होती. तिचा एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला होता आणि आणखी लांबवलं तर हाही हातचा जाईल असं बजावलं होतं. भाऊजी विषमज्वरातून नुकते उठलेले. तेव्हा मीच जायला हवं होतं, त्यात दुसरा पर्याय नव्हता.

आमच्या डॉक्टरांनी मला एक उपाय दिला होता: घाबरं झालं की खोल श्वास घ्यायचा. मी आज्ञाधारक माणूस. आगबोटीच्या डेकवर मी आकडे मोजत इतका श्वास घेतला, इतका घेतला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. शेजारच्या गृहस्थांना वाटलं मला आता उलटी होणार. त्यांनी मुकाट्यानं आपली वळकटी उचलली आणि पलीकडं नेली.

बाणकोटपासून लाँच सुरेख चालली होती. दोन्ही काठांना डोंगर, मधे संथ हिरवट पाणी. पण तुडीलच्या अलीकडं ओहोटी लागली आणि लाँच चिखलात रुतली. भरती येईपर्यंत बसा, असं तांडेलानं (नावाड्यांच्या प्रमुखानं) जाहीर केलं आणि तो बिडी ओढायला बसला. इंजिन बंद, तेलाचा वास, खांद्याला खांदा लागून बसलेली माणसं. बाहेर पडायला वाट नाही म्हटल्यावर माझा श्वास अडकलाच. मी डोळे गच्च मिटून घेतले.

शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. तुडीलचेच, जन्मभर मोठ्या बोटींवर इंजिनघरात काम केलेले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाऊ, डोळे मिटू नका. काठावर काय काय हाय, ते मला सांगा."

मला नवल वाटलं, त्यांना तर सगळं दिसत होतं. तरी सांगू लागलो. पेंढ्याच्या उडव्या. मशिदीचा पांढरा मिनार. चिखलात वाकून मुळे (खाडीतले शिंपले) वेचणाऱ्या बाया. एक बगळा. बगळ्यापर्यंत आलो तेव्हा छातीतली गाठ सैल झाली होती. मग चाचांनी आपलं सांगितलं. त्यांच्या बोटीवर वाफेचा नळ फुटून दोन सोबती भाजून मेले होते, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना इंजिनघराची शिडी उतरता येत नव्हती. लोक हसायचे. "हसूंदे," ते म्हणाले. "अंग भ्यालं की त्याला दाखवावं लागतं, बाबा, तू आता हितं हायेस, तिथं नाय." भरती आली, लाँच हलली, आणि तुडीलला ते उतरून गेले. दीड वर्षात माझ्यासारखा दुसरा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता, आणि मला एकदम एकटेपणा कमी झाल्यासारखं वाटलं.

दासगावहून महाड, महाडहून पोलादपूर, बैलगाडीनं आणि बरंचसं पायीच. सावित्री इथं अरुंद होऊन खडकांतून वाहते. मागून येणाऱ्या एस.टी. गाड्या धुरळा उडवत जात. एका कंडक्टरनं गाडी थांबवून चढायला सांगितलं, तर मी व्यायामासाठी चालतोय असं ठोकून दिलं. अक्कानं मला दारात पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "बोटीनं आलास? मला वाटलं विलायतेहून येतोयस."

तिनं तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड काढून सोललेल्या वालांची उसळ) वाढलं. जेवताना मी हळूच विषय काढला, की परत जातानाही बोटच बरी. आईनं ताटावरून मान वर केली. बाणकोटला होडीतून बोटीवर शिडीनं चढायचं असतं हे तिला ठाऊक होतं. "मला दारातली पायरी दिसत नाही, तिथं हलती शिडी कुठली दिसायची? घाटानंच जाऊ."

सकाळी उठलो तो छातीत तेच. चुलीपाशी आई बसली होती. दिसत नसलं तरी चूल तीच पेटवायची, आवाजावरून. बहुधा माझा श्वासही तिनं आवाजावरूनच ओळखला. माझ्या हातात फुंकणी देत म्हणाली, "विस्तव झोपलाय, जागा कर."

मी डॉक्टरांच्या पद्धतीनं छाती भरून घेतली आणि सारा जोर लावून फुंकलं. राखेचा लोट उठला. अर्धी राख अक्काच्या दुधात, अर्धी माझ्या मिशीत.

"अरे, राख नाही उडवायची," आई म्हणाली. "निखारा जागा करायचा. हळू सोड. पोटातलं सगळं जाऊ दे. घ्यायची काळजी करू नकोस, तो आपला आपण येतो."

मी हळू फुंकू लागलो. लांब, बारीक फुंकर. निखारा तांबूस व्हायचा, फुंकर संपली की काळवंडायचा. श्वास खरोखरच आपला आपण येत होता. थोड्या वेळानं मला जांभया येऊ लागल्या, एकामागून एक. मग हात गरम झाले, मग खांदे थरथरले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अक्का म्हणाली, लाकडं ओली आहेत, धूर फार होतो. धूर नव्हता. मी रडत होतो, आणि ते थांबवावंसं मला वाटत नव्हतं.

त्यानंतर होतो तितके दिवस चूल माझ्याकडं आली. पाण्याला जाणाऱ्या बाया दारातून डोकावून जात. "पुन्याचा मामा चूल फुकतो गो," असं एक दुसरीला सांगताना मी ऐकलं. ऐकून हसूही आलं.

निघायच्या दिवशी आईला एस.टी.त खिडकीशी बसवलं. दार धाडकन लागलं आणि बोटांना मुंग्या आल्याच. महाडपर्यंत निभावलं. वरंध गाव मागं पडून चढण लागली तशी मी ओठांचा चंबू करून हळू फुंकू लागलो. पुढच्या बाकावर पोलादपूरकडचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांनी दोनदा मानेवर हात फिरवला आणि शेवटी वळून विचारलं, "पावनं, वारं घालताव का मला?" आईला हसू आवरेना. मग तिनं मला बाहेर काय काय आहे ते सांगायला लावलं. मी सांगत गेलो: करवंदीच्या जाळ्या, एक वानर, दरीतली वाडी, कठडा. कठड्यावर माझा आवाज बसला. आईनं माझा हात हातात घेतला आणि नुसता धरून राहिली.

वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली. इंजिन तापलं होतं, आणि तशीही तिथं नारळ फोडल्याशिवाय गाडी पुढं जात नाही. मोटार गेली ते वळण समोरच होतं. मला खाली उतरायचं नव्हतं. आईला होतं. तिला दिसत नाही म्हटल्यावर मला उतरावंच लागलं.

ड्रायव्हरनं नारळ आणला. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी टोपी सारखी केली, कारण गाऱ्हाणं (देवापुढं मोठ्यानं केलेली विनवणी) घालायचा मान त्यांचा होता. आई त्यांना म्हणाली, "माझ्या मुलाचा मित्र इथं गेला. त्याच्यासाठी दोन शब्द घाला."

"नाव काय त्याचं? नावाबिगर गाऱ्हाणं कसं घालू?"

आईला नाव माहीत होतं. तिनं माझा दंड दाबला. सगळी गाडी माझ्याकडं बघत राहिली. दीड वर्षात ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मी हळू श्वास सोडला, पोटात होता तेवढा सगळा, आणि त्याच्या शेवटाला म्हणालो, "यशवंत."

"जोरानं. देवीला ऐकू गेलं पायजे."

"यशवंत," मी म्हणालो. दरीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"बाय वाघजाई," म्हाताऱ्यांनी सुरुवात केली, "ह्या वळनावर यशवंत नावाचा पोर राह्यला. त्याला तुझ्या पदराखाली घे. आनि जो वाचला त्यालाबी मोकळा कर." आणि सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." नारळ फुटला. माझा श्वास चालू होता.

आईचा डोळा वाचला. माझं म्हणाल तर अजूनही एखाद्या ब्रेकच्या आवाजानं मी दचकतो. मग काठावर काय आहे ते बघतो, हळू फुंकर सोडतो, आणि ते ओसरतं. आता मी घाटानं जातो. पण त्या प्रवासाचा खरा शेवट पुण्यात झाला. आईची पट्टी सुटल्यावर मी यशवंतच्या घरी गेलो. अपघातानंतर मी आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकमेकांना टाळतच होतो. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की घाटात सगळ्या गाडीनं यशवंतसाठी गाऱ्हाणं घातलं.

"सगळ्या गाडीनं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या गाडीनं. कंडक्टरसुद्धा होता."

मग त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "आता मला तो दिवस सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितला.