राजाच्या मठातून आल्यावर अंघोळ

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते, तात्या तर न विचारताही सांगतात. तात्या म्हणजे माझे वडील. इंदापूर-बारामतीकडच्या डाळिंबवाल्यांची सहल स्पेनला निघाली, तेव्हा त्यांनी मला दुभाषी म्हणून बरोबर घेतलं आणि विमानात शेजाऱ्याला तीनदा ऐकवलं की पोरगी बीएस्सी आहे.

बागा बघून झाल्यावर शेवटच्या दिवशी राजाचा मठ पाहिला. एकाच दगडी इमारतीत राजवाडा, प्रार्थनामंदिर आणि साधूंच्या खोल्या. राजाची निजायची खोली अशी, की अंथरुणातूनच पूजा दिसावी. तात्यांना ते फार पटलं. गुडघे दुखले तरी दर्शन चुकत नाही, म्हणाले.

मग तळघरात उतरलो. संगमरवरी पेट्यांत राजे-राण्या. सगळ्यांनी समाधी समजून हात जोडले. तेवढ्यात गाइडबाई इंग्रजीत म्हणाल्या, देह आधी शेजारच्या बंद खोलीत कित्येक वर्षं ठेवतात, तो झडला की हाडं पेटीत. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. पोरीनं काही गाळलं असं कुणी म्हणायला नको.

बाहेर येऊन हॉटेलात जेवायला बसलो, तर तात्या ताटाला हात लावेनात. मयताच्या जागेवरून आलोय, अंघोळीशिवाय घास नाही. मुक्कामाची जागा तासाभरावर, शुगरची गोळी सकाळीच घेतलेली आणि दोन वाजून गेलेले. त्यांची बोटं थरथरायला लागली. समाधीच होती ती, असं मी नाना परीनं सांगून पाहिलं.

"तूच सांगितलंस न्हवं, आत काय ठेवत्यात ते?"

यावर बीएस्सीत काही शिकवलेलं नव्हतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि त्यांना मागच्या अंगणात नेलं. ते उकिडवे बसले, मी डोक्यावर पाणी ओतलं. दारात आलेल्या वेटरला धार्मिक विधी आहे म्हणून सांगितलं, तर त्यानं निमूट टॉवेल आणून दिला.

ओल्या केसांनी तात्या जेवले. दोन पाव संपले तशी बोटं थांबली. आता कुठं मी चमचा उचलला.

"तू बी खाली आलीवतीस."

शेजारच्या टेबलांवर निम्मं जेवण उरकलेली आमच्या सहलीतली मंडळी एकदम आपापल्या ताटात बघायला लागली. मी उठले. या खेपेला बाटली तात्यांनी धरली. पाणी फ्रिजमधलं होतं, हे मला तेव्हा कळलं.