कुत्र्यावर फवारणी

पहिला गोचीड सापडला तो माझ्या कॉलरवर, आणि तोही दुकानात, गिऱ्हाईकाच्या नजरेला. मी नवीन जालन्यात शेतीच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो. कपाशीवर मावा पडला, तूर उभी वाळून चालली, मिरचीची पानं आकसली, असलं काहीतरी सांगत माणसं येतात आणि मी मागच्या फळीवरून बाटली काढून देतो. त्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईकडचे एक पाटील माव्याचं सांगता सांगता मधेच थांबले आणि माझ्या मानेकडं बोट करून म्हणाले, "साहेब, तुमच्यावर बी पडलंय काहीतरी."

मी तो झटकला, हसलो आणि घरी कुणाला बोललो नाही. पण घरी सांगायची गरजच नव्हती. बायकोला तोवर एक गादीवर सापडला होता आणि एक भिंतीवर चढताना. ती भिंत लेकीच्या खोलीची होती. लेक बाळंतपणाला यायची होती.

गोचीड कुत्र्याचे, आणि कुत्रं माझ्या वडिलांचं. आई गेल्यावर वडील बरेच दिवस गावात एकटेच राहिले. मग गुडघ्यांनी जबाब दिला आणि ते आमच्याकडं आले. सोबत एक ट्रंक, स्वतःच्या हातानं विणलेली बाज आणि हे तांबूस, एक कान मोडलेलं कुत्रं. त्याला नाव नव्हतं. वडील त्याला "अय" म्हणायचे आणि ते यायचं. ते दिवसभर व्हरांड्यात बाजेखाली पडून असे, आणि वडील बाजेवर.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, रीतच तशी. लग्न होऊन आली तेव्हा बायको आईच्या मार्फत बोलायची, पुढं माझ्या मार्फत, मग पोरांच्या. पोरं गेली आपापल्या वाटेनं, मी दिवसभर दुकानात. तेव्हा हे काम कुत्र्याकडं आलं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "सांग रे, भाकरी झाली म्हणावं." बाजेवरून उत्तर यायचं, "आलोच म्हणावं." कुत्रं एकदा हिच्याकडं बघायचं, एकदा त्यांच्याकडं. इतक्या इमानदारीनं हा निरोप्याचा धंदा मीसुद्धा कधी केला नाही. मी निम्मे निरोप खाऊन टाकायचो.

तर भिंतीवरचा गोचीड चपलेनं मारून बायकोनं निकाल दिला. सांगितला मला, पण आवाज व्हरांड्यापर्यंत जाईल इतका. "पोरगी यायच्या आत हे गेले पाहिजेत. बाळाला एक जरी चिकटला तर व्याह्यांना काय तोंड दाखवू? न्हाई जमलं तर कुत्रं गावाकडं धाडा."

बाहेरून वडील शांतपणे म्हणाले, "बराबर आहे तिचं. दोन तिकिटं काढ."

"एसटीत कुत्र्याला घेत न्हाईत, आबा."

"मंग आम्ही चालत जाऊ."

वडील गंमत करतात तेव्हा मिशीला हात लावतात. त्या दिवशी हात गुडघ्यावर होता. गावातल्या घराला कुलूप, गुडघे असे, भाकरी कोण टाकणार? पण कुत्रं गेलं तर हा माणूस मागं राहायचा नाही, हे मला कळलं, बायकोलाही कळलं. तरी तिचं चुकत होतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

मी म्हणालो, चिंता नको, दुकानातून उद्याच काहीतरी आणतो. इतकी वर्षं लोकांच्या किडी मारतोय, एका कुत्र्याचं काय!

"तुमच्या दुकानातली एक बी बाटली उंबऱ्याच्या आत आणायची न्हाई," बायको म्हणाली. "पोटुशी पोरगी यायची आहे घरात. झाडपाल्याचं काय ते करा."

झालं. जे येत होतं ते बंद, आणि जे येत नव्हतं ते सुरू.

आधी कडुनिंबाचा पाला उकळला. गाळून, गार करून ते पाणी इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीत भरलं आणि सकाळ-संध्याकाळ कुत्र्यावर मारलं. कुत्र्याला ते आवडलं. गोचिडांनाही आवडलं असावं, कारण ते टम्म फुगलेले दिसू लागले. मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या, खोबरेलात कापूर घाला. घराला गाभाऱ्याचा वास यायला लागला. दारात आलेल्या कुरिअरवाल्यानं चप्पल काढली. मग वडिलांनी बाजेवरून सीताफळाच्या बियांची पूड सुचवली. शेरडं-मेंढरं राखण्यात त्यांची हयात गेलेली. ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो हे मला ठाऊक होतं म्हणून मी नको म्हणालो. ते रुसले आणि म्हणाले, "गोचीड गावचे न्हाईतच. तुमच्या कॉलनीतल्या हिरवळीवरचे आहेत. गावात होता तवर बिलकुल साफ होता." कुत्र्याच्या चारित्र्याचा प्रश्न आल्यावर मी परत पाला उकळायला गेलो.

दर रविवारी पाला, भगुणं, फडकं. हाताला कडू वास बसला होता. भाकरी खाल्ली तरी कडू. लेकीचा फोन यायचा, "बाबा, दमल्यासारखे वाटता." मी म्हणायचो, सीझन चालू आहे.

शेवटी मी ठरवलं की हे बाटलीतलं बायकी काम पुरे, आता शास्त्रानं करायचं. शास्त्र म्हणजे मला येतं ते एकच, कपाशीचं. गावाकडून वाळल्या निंबोळ्या मागवल्या, कुटल्या, रात्रभर भिजवल्या, सकाळी दुधासारखा अर्क गाळून घेतला. पानाला चिकटून राहावा म्हणून आपण त्यात साबणाचा चुरा घालतो, तोही घातला. दुकानातून नवाकोरा, औषधाचा थेंब न लागलेला पाठीवरचा पंप मागून आणला. अंगात जुना शर्ट, तोंडाला रुमाल. वाऱ्याची दिशासुद्धा बघितली.

बायको दारात येऊन उभी राहिली. पंपाकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं.

"किती केलंय हे?"

"पंपभर. पंधरा लिटर."

"एका कुत्र्याला? एकरी किती कुत्रे धरले तुम्ही?"

जाणकारानं अशा वेळी काम करून दाखवावं. मी दांडा मारला, पंपात दाब धरला, नळीतून फुस्स असा आवाज आला.

एक गोष्ट मात्र माझ्या शास्त्रात नव्हती. कुत्रं शेतावर वाढलेलं. तिथं पंपाचा आवाज झाला की वडील त्याला हाकलायचे, "अय, बांधावर!" आणि फवारणी होईपर्यंत ते लांबच्या बांधावर बसून राहायचं. आवाज ऐकताच त्यानं शिकवल्याप्रमाणं केलं. पण कॉलनीत बांध कुठला? ते घरात घुसलं, लेकीच्या खोलीत, नव्या गादीच्या पलंगाखाली. आणि मी, पाठीवर पंधरा लिटर घेऊन, त्याच्या मागं.

पलंगाखाली नळी घालून मी फवारलं, ते निम्मं गादीवर गेलं. कुत्रं दुसऱ्या बाजूनं निघालं, तेव्हा पडद्यावर. व्हरांड्यात आबा ओरडत होते, "अरे डोळ्यात जाईल, डोळ्यात!" मला वाटलं माझ्या काळजीनं. गल्लीत निघालो तेव्हा समोरचे निवृत्त गुरुजी फाटकातून म्हणाले, "काय हो, बोंडअळी का?"

शेवटी गुरुजींच्या गाडीमागं मी त्याला गाठलं आणि चिंब भिजवलं. मीठ टाकल्यावर गोगलगायीला यावा तसा त्याला फेस आला. मी विजयी मुद्रेनं घरी आलो. कुत्रं बाजेखाली बसून अंग चाटायला लागलं. बोंडं-पानं स्वतःला चाटत नाहीत, त्यामुळं हा मुद्दा मला कधी सुचला नव्हता. दुपारी ते ओकायला लागलं. संध्याकाळी त्यानं भाकरीकडं बघितलंही नाही. आणि त्याच्या मानेवरचे गोचीड जागच्या जागी होते, स्वच्छ धुतलेले.

वडिलांनी ट्रंक उघडली, धोतर, टोपी, औषधाच्या पुड्या नीट लावल्या आणि ट्रंक दाराजवळ सरकवून ठेवली. बायको गादी उन्हात टाकत होती. तिनं ट्रंक बघितली आणि तिच्या हातातली गादी तशीच राहिली. तिला कुत्रं नको होतं. ट्रंक काही तिनं मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुत्र्याला पोत्यात गुंडाळून ऑटोनं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी वास घेतला.

"काय लावलंय?"

मी सगळं सांगितलं. मी कुठं काम करतो ते गाळलं.

"पाल्याचं पाणी चालतं," त्या म्हणाल्या. "पण पातळ, आणि अंगणात, फटीत, त्याच्या पोत्यावर मारा. त्यानं येणारे दूर राहतात. चिकटून बसलेले त्यानं मरत न्हाईत, ते हातानं काढावे लागतात. कापूर बिलकुल बंद. आणि साबण हा कोणी सांगितला?"

"वाचलं होतं कुठंतरी."

"कपाशीच्या पुस्तकात का?"

त्यांनी कुत्र्याचं वजन करून एक औषध दिलं, सलाईन लावलं आणि म्हणाल्या संध्याकाळपर्यंत इथंच राहू द्या. मग विचारलं, "हा झोपतो कुठं?"

"वडिलांच्या बाजेखाली."

"दोरीची बाज? मंग तिथं बघा. दोरीच्या विणीत, लाकडाच्या खाचेत अंडी घालतात ते. तुम्ही इतके दिवस दुसऱ्याचंच शेत फवारून राह्यले."

घरी आलो. वडील बाजेवर बसले होते, खाली जागा रिकामी. मी आत जाऊन बायकोला सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. आता हे त्यांना सांगायचं कुणी? आयुष्यभर जनावरांत राहिलेल्या माणसाला, तुमच्याच अंथरुणात गोचीड आहेत म्हणून? मी दोनदा व्हरांड्यात गेलो आणि दोनदा उन्हाबद्दल बोलून परत आलो. तिसऱ्यांदा उठलो तर बायकोच पदर नीट करून दाराशी गेली. सवयीनं बाजेखाली बघितलं. तिथं निरोप न्यायला कोणी नव्हतं. मी मागं, पाल्याच्या भगुण्याआड.

"मामंजी," ती म्हणाली.

वडिलांनी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

"मामंजी, गोचीड कुत्र्यावर आहेत त्याच्यापेक्षा बाजेत जास्त आहेत. डॉक्टरीण म्हणाली. बाज अशीच ठेवली तर औषध वाया जाईल. परत होतील अन् परत त्यालाच चावतील."

वडिलांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं आता ट्रंक उचलतात.

"मंग हे मघाच का न्हाई सांगितलं, बाई?"

"कोणाच्या तोंडून सांगणार?"

वडील काठीला धरून उठले. बाजेकडं बघितलं. म्हणाले, "विळा आण."

दोरी त्यांनी स्वतः कापली. मला हात लावू दिला नाही, बायकोला मात्र दुसरी बाजू धरू दिली. विणीच्या पोटातून मुगाएवढे, तिळाएवढे, आणि नुसती धूळ वाटावी इतके बारीक निघाले. बायको एकदा मागं सरकली, मग परत पुढं झाली. दोऱ्या अंगणात जाळल्या. लाकडाच्या खाचांत कढत पाणी ओतलं, वरून करंजाचं तेल भरलं. पाला उकळायचं काम माझंच राहिलं, फक्त आता ते पाणी फरशीच्या सांध्यांवर आणि उंबऱ्यावर जातं. बाजेला नंतर नवारीची पट्टी भरली. वडील म्हणतात, पट्टीवर झोपलं की दवाखान्यात असल्यासारखं वाटतं.

कुत्रं परत आलं, अशक्त आणि माझ्यावर नाराज. दुपारी कामं आटोपली की ते दोघं त्याला मधे घेऊन बसू लागले. वडील धरायचे, बायको कान उलटे करून भुवयांच्या चिमट्यानं एकेक गोचीड काढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. बोलणं होई ते तेवढंच: "हा राहिला, मामंजी." "कुठं? अच्छा. हां." ट्रंक दाराजवळून हलली नव्हती.

लेक आली ती जड पावलांनी, घामाघूम, आणि आत यायच्या आधी व्हरांड्यात कुत्र्याजवळ वाकली. बायको "अगं अगं" म्हणेपर्यंत तिनं त्याचा मोडका कान उलटा केला.

"आई, एक आहे इथं."

सगळे उभे राहिलो. वडिलांची नजर ट्रंकेकडं गेली. मी बायकोकडं बघत होतो. दमलेला माणूस अशा वेळी काही करत नाही, नुसता बघतो.

"तू सरक, तुला वाकायचं न्हाई," बायको लेकीला म्हणाली आणि स्वतः खाली बसली. "अहो, चिमटा द्या तो खिळ्याला अडकवलेला. अन् पाणी ठेवा उकळायला, नुसते उभे काय राह्यले? मामंजी, धरा त्याला."

वडील गुडघे धरत खाली बसले. मी पाला आणायला मागच्या झाडाकडं गेलो.