एकवीस पावलं

आमच्या वस्तीच्या मैदानावर स्केटपार्क व्हायला दोन वर्षं लागली. त्यातले तीन महिने निव्वळ माझ्यामुळे गेले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दुसरं कोणीतरी सांगेल आणि वर मीठमसाला लावेल.

मी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होतो. माझे वडीलही तिथंच होते. ते भंडाऱ्याकडून रायपूरला आले तेव्हा भनपुरीच्या अलीकडे, या भागात, आपल्या लोकांची आठ घरं होती. विहार नव्हता. निंबाचं एक झाड आणि त्याच्यापुढे मोकळी जमीन, एवढंच. त्या आठ घरांनी पहिली चौदा एप्रिलची जयंती केली तेव्हा मंडपाचा पहिला खांब वडिलांनी गाडला. नंतर विहार झाला, घरं वाढली, मैदानाला निगमाचा, म्हणजे महापालिकेचा, फलक लागला, तरी जयंतीचा मंडप तिथंच पडत राहिला. पहिला खांब वडिलांचा. ते गेल्यावर माझा.

खांबाची जागा शोधायची पद्धत त्यांनीच घालून दिलेली. निंबाच्या बुंध्याला पाठ लावायची, विहाराच्या दाराकडे तोंड करायचं आणि एकवीस पावलं टाकायची. एकविसावं पाऊल पडेल तिथं खड्डा. एकवीसच का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांना विचारायची सोय नव्हती. माझा तापटपणा मी काही बाजारातून आणलेला नाही. खांब खचू नये म्हणून खड्ड्याच्या तळाशी त्यांनी एक जाड लोखंडी चकती ठेवली होती. जयंती झाली की खांब काढायचा, चकती राहू द्यायची, वर विटांचे तुकडे आणि माती भरायची. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खड्डा. बाकीचे खांब या पहिल्या खांबावरून मोजून लागायचे.

आता माझ्या नातीबद्दल. पोट्टी पंधरा वर्षांची आहे. घरात आम्ही मराठी बोलतो आणि ती हिंदीत उत्तरं देते. बारा वर्षांची असताना तिच्या हाती चाकांची फळी लागली. तिला स्केटबोर्ड म्हणतात हे मला माहीत आहे, पण मी फळीच म्हणतो. तिच्यामागे वस्तीतली आणखी सात-आठ पोरं-पोरी लागली. खेळायला जागा मात्र कुठंच नव्हती. आमचा रस्ता ट्रकांचा. रविवारी ती सगळी नवा रायपूरला जायची, तिथल्या रुंद रुंद फुटपाथवर. जाताना बस मिळाली तर येताना मिळत नसे, आणि तासाभरात कुठला तरी चौकीदार येऊन "बेटा, यहाँ नहीं" म्हणायचा. मग उरलेले सहा दिवस घरासमोरचाच रस्ता.

एकदा ट्रकवाल्यानं जोरात ब्रेक मारला, ही घाबरून उडाली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी माझ्या सुनेनं फळी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि सांगितलं, "मामाजी, मी एकदाच बोलते. मार्चपर्यंत मैदानाचं काही ठरलं तर ठीक, नाहीतर ही फळी मी दुर्गला भावाच्या पोरांले देऊन टाकीन. मले पोरगी पाहिजे, फळी नाही."

सून फारशी बोलत नाही, पण बोलली की तसंच करते. नातीलाही ते माहीत होतं.

मैदानाचं काम पोरींनी त्याआधीच सुरू केलं होतं, हे कबूल करायला पाहिजे. घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. बायांनी भराभर सह्या केल्या, कारण ट्रक सगळ्यांच्याच दारासमोरून जातात. निगमाच्या इंजिनीयर मॅडमला पोरी चारदा भेटून आल्या. नकाशा कोणाला समजेना, म्हणून त्यांनी चिकणमातीचा नमुना केला आणि तो आमच्याच घरातल्या परातीत घालून विहारात बैठकीला आणला. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला उतार, मध्ये गुळगुळीत सपाट जागा. म्हाताऱ्या बायासुद्धा वाकून वाकून पाहत होत्या. मॅडम म्हणाल्या, मंजुरी मिळण्यासारखी आहे. मात्र इतकी वर्षं जयंती इथं होते, तेव्हा जयंती समितीचं संमतिपत्र लागेल. समितीचा अध्यक्ष मी.

मी म्हटलं, "अन् मंडपाचे खांब काय सिमेंटात गाडू?"

मॅडमकडे उत्तर तयार होतं. कडेकडेनं जमिनीत पाइप बसवायचे, वर झाकणं. जयंतीला झाकण काढून खांब आत उतरवायचा. चांगलीच युक्ती होती, मला राग आला तो त्याचाच. मी परातीतल्या नमुन्यावर मधोमध बोट ठेवलं. "पहिला खांब इथं राहते."

नात पहिल्यांदाच बोलली. "आबाजी, वहाँ नहीं हो सकता. पहिये छोटे होते हैं. ढक्कन में अटके तो सीधा मुँह के बल गिरेंगे."

"मग तुमचा उतार सरकवा."

"कुठं सरकवणार, काका?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एका बाजूला नाली आहे, दुसऱ्या बाजूला विहाराची भिंत."

मी संमतिपत्राची घडी करून खिशात घातली आणि घरी येऊन टीव्हीखालच्या खणात टाकली. ती तिथं तीन महिने होती.

त्या तीन महिन्यांत मी बरीच कारणं सांगितली. पोरं पडतील, गोंगाट होईल, बाहेरची टोळकी येतील. समितीचे चिटणीस माझे कारखान्यापासूनचे दोस्त. ते चहा पिता पिता म्हणाले, "तुमचं खरं कारण यातलं एकही नाही." मी त्यांना दुसरा कप दिला नाही. खरं कारण एवढंच होतं, की माझ्या वडिलांची या जगात दुसरी कुठली खूण नव्हती. क्वार्टर रेल्वेचं होतं, ते परत केलं. फोटो एकच आहे आणि त्यात ते तिसऱ्या रांगेत उभे आहेत. तो खड्डा मात्र त्यांचा होता, आणि वर्षातून एकदा मी त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून तिथं जात होतो. त्याच्यावर सिमेंट पडलेलं मला पाहवलं नसतं. हे मी कोणाशी बोललो नाही. म्हातारा माणूस खड्ड्यासाठी रडतो, असं कसं सांगायचं?

नात माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर सोपं होतं. ती चहा आणून द्यायची, चष्मा शोधून द्यायची आणि माळ्याकडे बघायचं टाळायची. मार्च लागला. एके दिवशी सकाळी ती म्हणाली, "आबाजी, एक बार वो जगह दिखा दो. मैडम टेप लेके आएँगी. सही से नाप लेंगे, शायद थोड़ी किनारे पे हो."

"किनाऱ्यावर कशी राहील? मधातच आहे," मी म्हटलं. पण दाखवायला माझी काही हरकत नव्हती. उलट, बरं झालं, एकदा डोळ्यांनी बघा म्हटलं.

सकाळचं कोवळं ऊन होतं. मॅडम, चिटणीस, नात आणि तिच्या दोन मैत्रिणी. पार्कची हद्द मॅडमनी चुन्यानं आखली होती. मी निंबाला पाठ लावली आणि मोठ्यानं मोजत निघालो. एक, दोन, तीन. एकवीस म्हणून थांबलो, खाली बघितलं, तर चुन्याची रेघ माझ्या पुढे होती. मी अजून पार्कच्या बाहेरच उभा होतो.

"तुमची रेघ चुकली," मी मॅडमना म्हणालो.

नातीनं लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, माझ्या पायाशी मारली. ठण्ण. खाली कडक मुरूम. भरलेला खड्डा असता तर सब्बल लोण्यात गेल्यासारखी गेली असती. मी म्हटलं, नीट मार. तिनं पुन्हा मारली, पुन्हा ठण्ण. मग ती हातभर पुढे सरकली, आणि तिथं सब्बल भसकन आत गेली. विटांचे तुकडे वर आले.

"हाच," मी म्हटलं. "म्हटलं नव्हतं?"

ती थांबली नाही. आणखी हातभर पुढे मारली. तिथंही पोकळ. आणखी पुढे, तिथंही. मग दोन हात जागा कडक लागली, तेव्हा चिटणीस हळूच म्हणाले, "हे लॉकडाऊनचे दोन साल. जयंती घरातच झाली होती." त्यानंतर पुन्हा पोकळ, पुन्हा पोकळ. अशी एक ओळच होती खड्ड्यांची, निंबापासून विहाराकडे जाणारी, आणि पोरगी त्या ओळीवरून चुन्याची रेघ ओलांडून पार मैदानाच्या मध्यापर्यंत गेली. शेवटचा खड्डा सगळ्यांत रुंद आणि सगळ्यांत खोल होता. त्याच्यापुढे कडक जमीन. तिनं हातानं माती उपसली आणि तळाशी सब्बल लोखंडावर वाजली.

मी खाली बसलो. गुडघे दुखतात म्हणून एरवी मी जमिनीवर बसत नाही. गंजलेली होती, पण चकती तीच होती.

काही वर्षांपूर्वी खड्डा खणणारी पोरं म्हणाली होती, "आबाजी, चकती लागून नाही राहिली." गंजून गेली असेल, मी म्हणालो होतो. नंतर दरवर्षी म्हणायची, जमीन लय कडक आहे. मी त्यांनाच बोलायचो, तुमच्या अंगात ताकद नाही. मंडपाची ताडपत्री निंबाच्या फांद्यांत अडकायला लागली, तर झाड वाढून राहिलं म्हणून आम्ही दरवर्षी बिचाऱ्याच्या फांद्या छाटल्या. झाड वाढत नव्हतं. माझी पावलं लहान होत होती. गुडघे गेले तसं पाऊल तोकडं पडत गेलं, आणि माझ्या मोजणीमागून अख्खा मंडप दरवर्षी हातभर झाडाकडे सरकत होता. एकवीस मात्र मी कधी चुकलो नाही.

मला लाज वाटली. तीन महिने मी ज्या खड्ड्यासाठी एका पोरीचा जीव टांगणीला लावला, तो मीच कधीचा सोडून आलो होतो. चिटणीस हसले नाहीत. ते हसले असते तर आमची दोस्ती तिथंच संपली असती. नात माझ्याशेजारी बसली आणि मातीचे हात फ्रॉकला न पुसता तसेच मांडीवर ठेवून म्हणाली, "आबाजी, ये निकाल के घर ले चलें?"

"नको. तिथंच राहू दे. टाका त्याच्यावर सिमेंट."

"और पहला खंबा?"

मी उठलो, म्हणजे तिनं उठवलं. मघाशी माझं एकविसावं पाऊल जिथं पडलं होतं, चुन्याच्या बाहेर, तिथं बोट दाखवलं. "पाइप इथं लावा. आबाजीले आता इथपर्यंतच येता येते."

संमतिपत्र मी विहाराच्या पायरीवर बसून सही करून दिलं. दुपारी सुनेनं माळ्यावरून फळी काढली आणि लुगडं धुवायला टाकलं.

पुढचं काम कामासारखं झालं. फाइल गेली, आली, पाऊस आडवा आला. उताराला गोलाई द्यायला मिस्त्री कचरत होता, तर पोरींनी त्याला पुन्हा परात नेऊन दाखवली. सिमेंट पडलं त्या दिवशी मी मैदानावर गेलो नाही. घरी रेडिओ दुरुस्त करत बसलो, जो बिघडलेला नव्हता.

यंदाची जयंती नव्या पार्कच्या कडेनं झाली. तेरा तारखेच्या सकाळी आम्ही पहिल्या पाइपचं झाकण उघडलं. खांब मी धरला, उचलला नातीनं. ताडपत्री निंबाला अडकली नाही, कारण बाकीचे पाइप मॅडमनी टेपनं मोजून बसवले होते. उतारावर पोरं आधीच येऊन बसली होती, मंडप कधी पुरा होतो याची वाट बघत.

मला वाटलं झालं, आता घरी जावं. तेवढ्यात नात निंबाकडे गेली. बुंध्याला पाठ लावून उभी राहिली आणि विहाराच्या दाराकडे बघत चालायला लागली.

"काय करून राहिली?" मी विचारलं. "खांब तर लागला."

ती मोठ्यानं मोजत होती, आणि मराठीत. लहानपणापासून दर जयंतीला माझ्या मागे मागे चालत आली होती, तिथलं ते मोजणं. तेरा, चौदा, पंधरा. लांब लांब, तरणी पावलं. खांबाच्या बाजूनं ती पुढे निघून गेली, सिमेंटवर चढली, वीस म्हणाली, एकवीस म्हणाली आणि सपाट जागेच्या मधोमध थांबली. तिथं काही खूण नाही. करडं, गुळगुळीत सिमेंट, बस.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "इथंच ना, आबाजी?"

"हव," मी म्हटलं. "इथंच."