सिंधूचे श्रावणी शुक्रवार

सिंधूला, माझ्या बायकोला, तपासून डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या गेल्यात. आता डायलिसिस." म्हणजे मशीननं रक्त धुऊन परत अंगात घालायचं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, श्रावण कधी लागतोय?

मी चौथी शिकलेला. सोनं गाळायच्या कामाला सांगलीकडून कोलकात्याला आलो, इथंच म्हातारा झालो. एकच पोरगा, विलास, इथंच न्यू टाउनला नोकरीला. ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं आणि स्वतःही ख्रिस्ती झाला. मी वर्षभर बोललो नाही. सिंधू बोलायची. श्रावणातल्या शुक्रवारी आई लेकरांसाठी जिवती पुजते, उपास धरते. ते तिनं आणखी कडक केलं. म्हणायची, "त्यानं आपला देव सोडला. आता त्याचं मलाच बघायला पाहिजे."

डायलिसिसला तिला विलासच न्यायचा. बाहेर बाकावर डोळे मिटून बसायचा.

"कुणाला सांगतोस रे माझं?" ती विचारायची.

"ज्याला सांगायचं त्याला. तू खा नीट."

पोटॅशियम म्हणजे खाण्यातला एक क्षार. किडनी गेली की तो रक्तात साठतो आणि हृदय बंद पाडतो. म्हणून भाजी उकडून पाणी फेकायचं, डाळ कमी. सगळं पाळलं. पण शुक्रवारी बटाटा, दाण्याची आमटी, केळी. उपासाचं आम्ही जेवणात धरतच नाही. डॉक्टरांनी जेवण विचारलं, आम्ही जेवण सांगितलं.

तिसऱ्या शुक्रवारी तिचे पाय लुळे पडले. दवाखान्यात ईसीजी, म्हणजे हृदयाची पट्टी, काढेपर्यंत हृदय थांबलं. पुन्हा चाललं नाही.

काय खाल्लं होतं, डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, ह्या सगळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. उपास कशासाठी, मी तेही सांगितलं. विलास शेजारीच उभा होता. तो भिंतीला टेकून खाली बसला.

घाटावर भटजी कुरकुरला, मुलगा ख्रिस्ती आहे ना. मी म्हणालो, "त्याच्यासाठी मेली. अग्नी तोच देणार."

घरात किडनीचं दुखणं असेल तर उपासाला काय खाता तेही डॉक्टरांना सांगा. देव रागवत नाही. रागावला तर माझं नाव सांगा.

विलास आता रविवारी चर्चमधून सरळ माझ्याकडे येतो. परवा म्हणाला, "बाबा, आमच्यात पण उपास असतो. मी धरतो, तुमच्यासाठी."

मी म्हणालो, "धरू नकोस. बस, भात गरम आहे."