आधी परतीची सोय

आंतोन काल गेला. सकाळी चहा घेता घेता. चहा अर्धा तसाच राहिला.

आज पापडीला त्याला माती देऊन आले आणि हे लिहायला बसलेय. रडून झालंय. आता थोडं भांडायचंय त्याच्याशी.

जुन्या वसईकरांना आठवत असेल, दोन हजार चार-पाचच्या सुमारास घराघरांत केबलवरून इंटरनेट आलं.

ते नेट देणारी आमची कंपनी एवढीशी. पापडी, आगाशी, एव्हरशाईन, सगळ्या भागांचं नेट स्टेशनजवळच्या एका खोलीतल्या कंट्रोलरवर चालायचं. त्या डब्याला ना स्क्रीन, ना माऊस. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, एंटर मारायचं, बस्स.

आंतोन माझा सीनियर. दोन बोटांनी टाइप करायचा, पण कीबोर्डवर नुसता तुटून पडायचा.

"अरे हळू, कीबोर्ड कंपनीचा आहे."

"म्हणूनच!"

एका रविवारी त्याच्या आईने मला जेवायला बोलावलं होतं. चर्चमधली मिस्सा आटपून सगळे घरी आलेले. आई वेबकॅमसमोर बसून कुवेतच्या रोझीशी बोलत होती. रोझी म्हणजे आंतोनची धाकटी बहीण. लग्न होऊन गेल्यापासून आईला ती दिसायची ती त्या पडद्यावरच.

तेवढ्यात आगाशीच्या सायबर कॅफेवाल्याचा फोन. नेट बंद, गिऱ्हाईक बोंबलतंय.

"दोन मिनिटांत करतो," म्हणत आंतोनने दुसरा लॅपटॉप उघडला आणि घरूनच कंट्रोलरमध्ये शिरला. आगाशीचा पोर्ट, म्हणजे तिकडची लाइन, बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढंच काम.

इकडे रोझी आईला सांगत होती, "आई, ऐक ना, काल मी डॉक्टरकडे गेले होते, तर तो म्हणाला..."

आणि आंतोनने एंटर मारलं.

रोझीचं तोंड उघडंच राहिलं. पडदा थिजला.

बंद झाला होता पापडीचा, त्याच्याच घरचा पोर्ट. म्हणजे ज्या वाटेने हा आत गेला होता तीच वाट. आता घरून काही करायची सोयच उरली नाही. असला गाढवपणा आमच्याच धंद्यात होतो.

आईचा चेहरा पांढराफटक. "काय म्हणाला डॉक्टर? काय झालंय तिला?"

घरचा फोन नेमका डेड. रोझी आंतोनच्या मोबाइलवर लावत असणार, पण तो आगाशीवाल्यांनी एंगेज करून ठेवलेला.

आंतोन हाफ पँटवरच निघाला. मी मागे, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात कंट्रोलरला थेट जोडायची निळी केबल.

खोलीत पोचलो. आता पुन्हा चूक परवडणार नव्हती. म्हणून मी पोर्टचा नंबर मोठ्याने वाचला, त्याने टाइप केला, मी पुन्हा वाचला, मग एंटर.

घरी परतलो तर आई पडद्याला हात लावून रडत होती आणि हसतही होती.

रोझीला दिवस गेले होते.

आईने आंतोनच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिच्या बोलीत बरंच काही सुनावलं. मला अर्धंच कळलं. "काय म्हणतात रे?" तर म्हणाला, "लॅपटॉप वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात बुडव म्हणते. आणि मलापण."

सोमवारी ऑफिसात आल्या आल्या त्याने मला एक कमांड शिकवली. रीलोड इन टेन.

लांबून कशालाही हात लावण्याआधी ही टाकायची. मग चुकून आपणच बाहेर अडकलो, तरी दहा मिनिटांनी कंट्रोलर आपोआप बंद होऊन चालू होतो आणि सगळं पहिल्यासारखं. काम नीट झालं, तर ती कॅन्सल करायची.

"आधी परतीची सोय, मग शहाणपणा," म्हणाला.

पुढे हे वाक्य त्याने मला कशाकशावर ऐकवलं! नोकरी बदलली तेव्हा. पुण्याला गेले तेव्हा. नवऱ्याशी भांडून माहेरी आले तेव्हा तर फोनच केला त्याने. "सोय केलीस का गं परतीची?" मी चिडून फोन ठेवला. आणि संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला.

आज चर्चमध्ये रोझीची मुलगी शेजारी बसली होती. कॉलेजात आहे आता, माझ्यापेक्षा उंच. कानात विचारते, "मावशी, मामाने खरंच माझी बातमी कट केली होती?"

"हो गं. स्वतःच्या हाताने."

दोघी हसलो. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडली, ती थांबेचना.

सगळे पांगल्यावर मी गाडीत येऊन बसले. चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. घड्याळाकडे बघत बसले.

दहा मिनिटं थांबले, आंतोन. काही पहिल्यासारखं झालं नाही.

मग निघाले.

आम्हाला शिकवलंस आणि स्वतःच सोय न करता गेलास. शोभत नाही तुला.

नीट जा. वर आईला भेट, आणि तिचा धपाटा खा.