पूजेत मांडलेल्या दोन डिस्क

"ताई, कुठला कॅमेरा घेऊ?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पंगतीत वाढत असताना विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात. एकदा दवाखान्यात नर्स माझ्या हातात सलाईनची सुई टोचत होती, तिनंही विचारलं. पंचवीस वर्षं मी बंगळुरात बारशी, मुंजी, लग्नं शूट करते आहे. शिवाजीनगरला माझा आणि थोरल्या भावाचा, म्हणजे अण्णाचा, छोटा स्टुडिओ आहे. एवढ्या वर्षांत एका माणसानं विचारलं नाही की ताई, काढलेलं ठेवायचं कसं? सगळ्यांना कॅमेरा पाहिजे. घ्या, कुठलाही घ्या!

पण विचारलंत म्हणून सांगते. बॉडी जुनी चालते, लेन्स चांगली घ्या. पावसाळ्यात लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नका, आपल्या गावची हवा ओली, आत बुरशी धरते आणि मग रडत येता. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ करताना पंचवीस फ्रेम आणि शटर पन्नासावर ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे धावतात. आवाजाला वेगळा छोटा रेकॉर्डर ठेवा, कारण कॅमेऱ्याच्या माइकला पंख्याची घरघर आधी ऐकू येते आणि माणूस नंतर. कॉम्प्युटर घेताना दिखाव्याला भुलू नका, रॅम जास्त घ्या. कार्डावरच्या फाइली कट-पेस्ट कधीही करू नका. कॉपी करा, एक-दोन उघडून बघा, मगच कार्ड पुसा. आणि प्रत्येक कामाच्या दोन प्रती, दोन डिस्कवर. त्या दोन डिस्क एका छताखाली राहता कामा नयेत. एक स्टुडिओत, एक घरी. आग लागो, चोरी होवो, एक तरी वाचते.

हे मी इतक्या ठसक्यात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई जन्मात चुकली नसेल. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

महादेवपुऱ्यातल्या एका मोठ्या सोसायटीत बारसं होतं. बाळाची आई मूळची नागपूरची, इथल्याच एका आयटी कंपनीत कामाला. तिची आई वर्षापूर्वी गेली होती. नागपुराहून वडील तेवढे आले होते. बाळाला पाळण्यात घातलं आणि पाळणा म्हणायची वेळ आली, तर जमलेल्या बायकांपैकी एकीला येईल तर शपथ! सगळ्या मोबाइलमध्ये शोधायला लागल्या. तेव्हा ते वडील उठले आणि म्हणाले, "मी म्हणतो." बायका आधी तोंडाला पदर, ओढणी लावून हसल्या. मी पळत जाऊन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रेकॉर्डर सरकवला, कॉलरला माइक लावला.

तो पाळणा त्यांच्या बायकोनं स्वतः रचलेला होता, हीच लेक जन्मली तेव्हा. त्यात घरातल्या माणसांची नावं होती, अंगणातला पेरू होता, दूधवाला होता, शेजारणीचा रेडिओ होता. बायको गेल्यावर तो त्यांना एकट्यालाच पाठ. अकरा मिनिटं म्हणत होते. आवाज काही गोड नव्हता, पण चौथ्या कडव्याला बायकांच्या तोंडावरचे पदर खाली आले आणि बाळाच्या आईनं डोळ्याला रुमाल लावला. मी कॅमेरा हलवला नाही. अकराच्या अकरा मिनिटं घेतली.

संपल्यावर रेकॉर्डर काढून घ्यायला गेले तेव्हा ते काका मला काहीतरी म्हणाले. मी हो हो म्हणाले. माझं लक्ष केककडे, तिकडे सुरी घेऊन मंडळी उभी होती. त्या घाईत रेकॉर्डर हातातून निसटला आणि त्याच्या बॅटरीचं झाकण तुटलं. स्टुडिओत आल्यावर आवाज, चित्र सगळं नेमानं दोन डिस्कवर उतरवलं, आणि तो मोडका रेकॉर्डर टेबलावर टाकला तो टाकलाच. दुसऱ्या आठवड्यात नवा घेतला.

फिल्म बनवली चार मिनिटांची. आजकाल चार मिनिटांपुढे कोणी बघत नाही, हे कोणी ठरवलं विचाराल तर आम्हीच ठरवलं. त्यात पाळणा चाळीस सेकंद ठेवला, आणि त्याच्यावरही बासरी टाकली. बाळाच्या आईला फिल्म आवडली. "खूप गोड झाली ताई," म्हणाली. विषय संपला.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात ती. आमचं घराणं इथं किती पिढ्या आहे ते मोजणं आम्ही कधीच सोडलं, बोलण्यात निम्मं कन्नड शिरलं, सण तर पुरते इथले झाले. त्या दिवशी रिक्षाला हार, बसला केळीचे खांब, गिरणीला कुंकू. आमच्या स्टुडिओत कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड, कॉम्प्युटर सगळं पुसून मांडायचं आणि पूजा करायची. अण्णाचा त्यावर फार जीव. पोट भरणारी वस्तू त्या दिवशी पूजेबाहेर राहिली तर रुसते, असं त्याचं ठाम मत.

सकाळी त्याचा फोन आला. "ती घरची डिस्क पण आण गं."

"अण्णा, दोन्ही एका जागी नाही आणायच्या."

"एक दिवसाचं काय होतंय? ती बिचारी वर्षभर तुझ्या साड्यांखाली काम करते, तिला हळदीकुंकू नको? पूजा झाली की घेऊन जा परत. सरी, ठीक?"

आणि मी, जगाला कानीकपाळी ओरडून सांगणारी मी, साड्यांखालची डिस्क काढून पर्समध्ये टाकली आणि निघाले! कोणी हात धरून नेलं नव्हतं मला. वाटेत मेट्रोत ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, पडू नये म्हणून. काय ती काळजी!

स्टुडिओत अण्णानं टेबलावर नवं धोतर अंथरून थाट केला होता. मोडकी वस्तू पूजेत चालत नाही, म्हणून जळका फ्लॅश, तुटका क्लॅम्प, तो बिनझाकणाचा रेकॉर्डर असलं सगळं वेचून खालच्या ड्रॉवरमध्ये लोटलं होतं. कॉम्प्युटर चालू होता, पडद्यावर देवीचा फोटो. दोन्ही डिस्क त्यानं जोडून ठेवल्या, कारण यंत्र चालू पाहिजे, झोपलेल्या यंत्राची कसली पूजा! आणि कलश कुठे ठेवावा? कॉम्प्युटरच्या डब्यावर. नारळासकट, पाण्यानं काठोकाठ भरलेला. त्याच्या पायाशी दोन डिस्क, हळदीकुंकू लावून. मी बघितलं. मला दिसलं. मी म्हणाले, "जरा बाजूला ठेव तो," आणि तो म्हणाला, "होतंय गं, स्वल्प थांब," आणि मी थांबले.

आरती ओवाळताना अण्णा वळला आणि खांद्यावरच्या उपरण्याचं टोक नारळाच्या शेंडीत अडकलं. कलश आडवा. पाणी सरळ दोन्ही डिस्कवर. पडदा काळा झाला.

"वायर काढ!" म्हणून मी ओरडले आणि मेन स्विच बंद करायला जिन्याखाली धावले. लोकहो, दुसरं काही लक्षात ठेवू नका, एवढं ठेवा. डिस्क भिजली तर तिला वाळवू नका, तपासू नका, चालू तर मुळीच करू नका. फडक्यात गुंडाळा आणि जाणकाराकडे न्या. मी हे अण्णाला दहादा सांगितलं असेल. मेन बंद करून, शेजारच्या दुकानातून कोरडी फडकी मागून मी वर आले, तर हा शहाणा खालच्या टेलरच्या दुकानातून वायर ओढून, बायकांचे केस वाळवायचा ड्रायर लावून, एकेक डिस्क लॅपटॉपला जोडून बघत होता. वर मलाच आनंदानं सांगतो, "बघ, दोन्हीला दिवा लागला!"

दिवा लागला आणि आतून कट्‌कट्‌ आवाज सुरू झाला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती त्या दिवशी मला कळली. मी अण्णाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो थोरला आहे, टिळा लावून उभा होता, तरी मी बोलले. डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्या माणसानं दोन्ही उघडून बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "ओल्या असताना चालू कोणी केल्या?" तशाच आणल्या असत्या तर प्रयत्न केला असता, म्हणाला. आता आतल्या तबकड्याच खरवडल्या गेल्या आहेत. हात जोडून परत दिल्या त्यानं.

अण्णाशी मी पंधरा दिवस बोलले नाही. पण गिऱ्हाइकांशीही बोलले नाही, हे खरं. एकालाही फोन केला नाही. सगळ्यांना आपापल्या फिल्म पोचल्या होत्या, मूळ शूटिंग कोण मागायला येतंय, अशी मी मनाची समजूत घातली. अण्णावर चिडणं सोपं होतं, म्हणून तेच करत राहिले.

जानेवारीत ती नागपूरची बाई स्टुडिओत आली. एकटीच. वडील महिन्यापूर्वी गेले होते, झोपेतच. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, तो पूर्ण पाळणा हवा आहे. आईनं कधी लिहून ठेवला नाही. बाबांनाच येत होता. मला पहिली दोन कडवी येतात, पुढचं काहीच आठवत नाही. फिल्ममध्ये तर बासरीच ऐकू येते."

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, सांगितलं. डिस्क ऑक्टोबरमध्ये गेली. दुसरीही गेली. कार्डं केव्हाच पुसली.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. "पण दोन होत्या ना तुमच्याकडे? बारशाला तुम्हीच माझ्या दिराला उभं करून शिकवत होता. दोन डिस्क, दोन घरं. मी ऐकलं आहे ते. मग दोन्ही एका जागी कशा आल्या?"

"पूजेला आणल्या होत्या," मी म्हणाले.

"पूजेला!" ती एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "आणि ऑक्टोबरमध्ये गेल्या म्हणता? ऑक्टोबरमध्ये बाबा होते हो ताई. एक फोन केला असता तर मी त्यांना परत म्हणायला लावलं असतं."

तिचा नंबर तर माझ्या फोनमध्ये होताच.

अण्णा इतका वेळ कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. तो उठला, खालच्या ड्रॉवरशी उकिडवा बसला आणि जळका फ्लॅश, तुटका क्लॅम्प बाहेर काढत सुटला. मला आधी संतापच आला, आता याला आवराआवर सुचतेय! मग त्यानं तो बिनझाकणाचा रेकॉर्डर वर धरला. "अक्का," तो तिला म्हणाला, आमच्याकडे परक्या बाईलाही अक्काच म्हणतात, "हा मोडका म्हणून मी पूजेत घेतला नव्हता."

बारशानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे आतलं कोणी पुसलंही नव्हतं. नवी बॅटरी घातली, झाकण नाही म्हणून रबरबँड बांधला. पहिल्यांदा चालू झाला नाही. अण्णानं बोटानं बॅटरी दाबून धरली. यादी उमटली, शेवटची फाइल बारशाच्या तारखेची.

काकांचा आवाज आला. नुसता आवाज, चित्र नाही. पेरू आला, दूधवाला आला, रेडिओ आला. ती पुढे वाकून ऐकत होती आणि ओठ हलवत होती. अण्णानं बोट उचललं नाही, त्याचं नख पांढरं पडलं होतं. अकरा मिनिटं झाली, पाळणा संपला, टाळ्या झाल्या. मी रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला, तर तिनं माझा हात धरला.

आत काका बोलत होते. अगदी माइकजवळ. "बाई, हा पुरा ठेवा जी. मधातून कापू नका. हिच्या आजीचा आहे."

आणि लगेच माझा आवाज, घाईघाईचा, "हो हो काका, नाही कापणार, काळजीच नको." मग रेकॉर्डर खाली पडल्याचा खाडकन आवाज, आणि फाइल संपली.

तीन महिने मी अण्णाला बोल लावत होते, कलशाला लावत होते, ड्रायरला लावत होते. पण तो पाळणा त्यांच्या आधी मीच कापला होता, कात्री लावून, वर बासरी टाकून, आणि तेही शब्द दिल्यावर. त्या क्षणी मला माझाच इतका राग आला की कोणाकडे बघवेना.

अण्णानं फाइल नव्या कॉम्प्युटरवर उतरवली, तिच्या लॅपटॉपवर दिली, एक पेन ड्राइव्हवर दिली, आणि तिनं तिथल्या तिथे ती नवऱ्याला पाठवूनही दिली. मी म्हणाले, "शेवटचं आमचं बोलणं काढून देते. नुसता पाळणा राहील, स्वच्छ."

तिनं लॅपटॉप मिटला. "काही कापू नका न ताई. तुमचं बोलणंही राहू द्या," ती म्हणाली. "पोरगी मोठी झाली की पुरं ऐकेल."